घरातल्या घरात

"घरातच?" दुलारीनं विचारलं आणि नाकाला पदर लावला.

"घरातच," शकुंतलाबाई ठसक्यात म्हणाल्या. घर त्यांचं, भाड्यानं द्यायचं होतं. "गोंदियात बाईमाणसाला लोटा घेऊन वावरात जावं लागत नाही. कोपऱ्यात संडास आहे. सकाळी मागच्या गल्लीतून मेहतरीण येते, टोपली उचलून नेते. आपल्याला बघायचंसुद्धा काम नाही."

नेमकं तेव्हाच मागचं बुटकं दार कुरकुरलं. एक बाई वाकून आत आली. तिनं खालची टोपली ओढली, वरून राख टाकली, आपल्या टोपलीत उपडी केली आणि ती डोक्यावर घेतली. दुलारीच्या घशाशी आलं. तिनं पदर घट्ट दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं. दार पुन्हा कुरकुरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

दुलारी आमगावजवळच्या खेड्यातली, पवारांच्या शेतकरी घरची सून. तिच्या गावात सगळे वावरात जात. वर ऊन, खाली माती, विषय संपला. ज्या छपराखाली भात शिजवायचा त्याच छपराखाली हे, आणि वर त्याचा तोरा. तिला शकुंतलाबाईंच्या हातचं पाणीसुद्धा घ्यावंसं वाटेना.

पण घर आजच ठरवायचं होतं. पोरगी गुणवंता चौथी पास झाली होती आणि पुढची शाळा गोंदियालाच होती. सासऱ्यांनी सकाळी बजावलं होतं, "आज चांगल्या वस्तीत घर भेटलं त पोरगी शिकन. नाही त अक्तीले तिचं लगन." अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती. मुलगा बघूनही झाला होता.

म्हणून दुलारी भावाच्या मागे हिंडत राहिली. चैनलाल तिचा थोरला भाऊ, इथल्याच एका राइस मिलमध्ये कामाला. शकुंतलाबाईंकडून निघाल्यावर त्यानं मिलच्या मागचा मोहल्ला दाखवला. उकड्या धानाचं आंबलेलं पाणी नालीतून वाहत होतं आणि पोरं त्यात होड्या सोडत होती. मग त्यानं स्टेशनकडची चाळ दाखवली. तिथं वाळत घातलेल्या धोतरांवर इंजिनाची काजळी बसली होती आणि जिना पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाला होता. घरमालक अंगणातच खाकरून थुंकला आणि वर वस्ती शरीफ असल्याचं सांगू लागला. दोन्हीकडे घराच्या मागे तेच बुटकं दार होतं. दुलारीचं डोकं भणभणलं. इतकी घाण आणि इतकी ऐट एकाच ठिकाणी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

दुपार कलली. तळ्याच्या पलीकडे एका कडुलिंबाशी चैनलाल पाणी प्यायला थांबला आणि दुलारीला ती गल्ली दिसली.

भिंती छुईच्या पांढऱ्या मातीनं सारवलेल्या होत्या. अंगणात शेणाचा सडा होता आणि काडीही पडलेली नव्हती. नाली कोरडी. वास होता तो फक्त ओल्या मातीचा. शेवटच्या घराचं दार उघडं होतं आणि आत कोणी राहत नव्हतं. दुलारीला आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा तिनं पोटभर श्वास घेतला.

"तिकडे नोको जाऊ," चैनलाल मागून म्हणाला.

"काऊन?"

"नोको मनलं न."

तो कडुलिंबाच्या पुढे एक पाऊल टाकेना. दुलारीला त्यातलं काही कळलं नाही. वावरात जाणाऱ्यांच्या गावात अशी वेगळी गल्ली लागतच नाही, तर ती ओळखू तरी कशी येणार? ती सरळ आत गेली.

एक बाई उंबऱ्यावर ओले केस मोकळे सोडून बसली होती. नुकतीच न्हालेली दिसत होती.

"बाई, ते शेवटचं घर भाड्यानं भेटन का?" दुलारीनं विचारलं. "सकाळपासून हिंडून राहिलो. सारं गाव घाण हाये. तुमचीच गल्ली तेवढी साफ."

बाईनं दुलारीच्या खांद्यावरच्या हिरव्या काठाच्या पदराकडे पाहिलं.

"सकाळी हाच पदर नाकाले होता न?"

दुलारीनं बाईकडे निरखून पाहिलं. चेहरा तिला आठवेना. आठवणार कसा? तिनं तो पाहिलाच नव्हता.

"घर खाली हाये," बाई केसांतून कंगवा ओढत म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण तुमाले नाही देत. दिवसभर तुमचीच घाण डोक्यावर घेऊन राहिली मी. आता शेजारी कायले आणू?"

दुलारीला शिसारी आली. सकाळी आली होती तशीच, पण ही स्वतःची होती. त्या पदराची, त्या भिंतीकडे फिरवलेल्या तोंडाची. हात जोडावेत असं तिला वाटलं, पण ते उचलले गेले नाहीत. ती मागे वळली.

कडुलिंबाखाली चैनलाल दोन पावलं दूर सरकला. "शिवली त नाही न कोणाले? चाल, पहिले डोक्यावरून पाणी घे. आनं आता घराचं काय? एकबी पसंत नाही तुले. गेली पोरगी मांडवात."

"पहिलंच घर पक्कं कर, भाऊ."

"तिथंच त तुले ओकारी आली."

"आली." दुलारी गल्लीकडे बघत होती. "तिथून फुलचूर गावाच्या अंगाची वावरं किती दूर हायेत?"

"असतीन अर्धा कोस. कायले?"

"शकुंतलाबाईले सांग, त्या मागच्या दाराले कुलूप घाला. मी आनं गुणवंता लोटा घेऊन जाऊ."