नव्या लाकडाच्या पेट्या

"काकू, या बिया तुमच्या नाहीत."

चॉकलेट करणारी बाई तोंडातली बी चावता चावता थांबली आणि एवढंच म्हणाली. थोरलीच्या हातातला तवा तसाच हातात राहिला. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच तव्यावर भाजलेल्या, तिच्याच मळ्यातल्या कोकोच्या बिया, आणि ही म्हणते तुमच्या नाहीत!

"माझ्या नाहीत तर काय आभाळातून पडल्या?"

"रागावू नका. बी चांगली आहे, आतून तपकिरीही झालीय. पण तुमच्या बीला पिकल्या फळाचा वास असतो. ही अगदीच मुकी आहे. खरं सांगा, बाहेरचा माल मिसळलात का?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. पूर्वी गावातला सगळा माल व्यापाऱ्याच्या गुदामात एका ढिगात पडायचा. कोणती बी कोणाची, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग ही बाई मधल्या सगळ्यांना वगळून थेट मळ्यावर आली आणि म्हणाली, मला फक्त तुमचीच बी हवी. तेव्हापासून थोरलीचे पाय जमिनीला लागत नव्हते. हिच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणत आणि तिलाही ते मनापासून पटलेलं होतं. आता हे गिऱ्हाईक तर जाणारच होतं, वर लबाडीचा शिक्का बसणार होता.

"काही म्हणजे काही बदललं नाही," ती म्हणाली. "उलट तुम्ही येणार म्हणून जास्तच निगुतीनं केलंय. चला, दाखवते."

मागच्या छपराखाली आंबवणीच्या पेट्या होत्या. फळं फोडून काढलेल्या ओल्या बिया त्यांत भरायच्या, वर केळीची पानं झाकायची आणि मधूनमधून फावड्यानं वरखाली करायच्या. मग विस्तव नाही की काही नाही, ढीग आतून आपोआप तापतो. पेट्या कोऱ्या करकरीत होत्या. रंधा मारलेल्या, कढत पाण्यानं घासूनपुसून ठेवलेल्या.

"मला इथे चपला काढून यावं लागतं," तिचा नवरा म्हणाला. कोणी हसलं नाही.

"आणि जुन्या पेट्या?" चॉकलेटवालीनं विचारलं.

"त्या काळ्याकुट्ट? सासूबाईंच्या वेळच्या होत्या. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून कुंपणापलीकडे टाकल्या. धाकटीनं उचलल्या. फुकट ते पौष्टिक!"

धाकटी म्हणजे तिची जाऊ. वाटण्या झाल्यापासून दोघींची बोलचाल बंद होती. धाकटीचा माल अजूनही व्यापाऱ्याच्याच ढिगात जात असे.

चॉकलेटवाली कुंपण ओलांडून गेली आणि धाकटीच्या अंगणातून मूठभर वाळलेल्या बिया घेऊन आली. त्या तिनं त्याच तव्यावर भाजल्या. एक स्वतः चावली, डोळे मिटले, आणि दुसरी थोरलीच्या तळहातावर ठेवली.

आधी नुसतं कडू लागलं. मग हळूहळू जिभेवर तो वास उतरला. पिकल्या फळाचा, किंचित आंबूस, ओळखीचा.

"ही माझी आहे!" थोरली ओरडलीच. "ही माझी बी आहे!"

"झाडं त्यांची, हातही त्यांचे," चॉकलेटवाली हलक्या आवाजात म्हणाली. "चव लाकडात होती, काकू. त्या काळ्या फळ्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. पिढ्यानपिढ्या. बी तेच आंबवतात. आपण नुसतं फावडं मारायचं."

थोरली कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे त्या जुन्या पेट्यांतून वाफ निघत होती. सासूबाई गेल्या, एका घराची दोन घरं झाली, माणसं एकमेकांना तोंड दाखवेनाशी झाली, आणि त्या फळ्यांतला संसार आपला नांदतच होता. चुलीवाचून रांधत होता. ज्याला ती आपला हात समजत होती, तो त्या जिवांचा हात होता. एवढ्या मोठ्या नवलापुढे तिला रागसुद्धा सुचेना.

"तुम्ही लबाडी केली नाहीत, ते कळलं मला," चॉकलेटवाली खाली बघत म्हणाली. "पण यंदा मी त्यांच्याकडूनच घेईन." आणि ती धाकटीला हे सगळं सांगायला पलीकडे गेली. थोरलीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही धुऊनपुसून.

दुपारी गाडी गेल्यावर पलीकडून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले.

"मागणी आली ना, पेट्या वाढवत असेल," नवरा म्हणाला.

थोरलीला ते ऐकवेना. ती बाहेर आली आणि बघते तर धाकटी बिया बाजूला काढून जुन्या पेट्यांच्या फळ्या उचकटत होती! किती वर्षांनी थोरलीच्या तोंडून जावेसाठी शब्द निघाला.

"अगं, मोडू नकोस! पाया पडते तुझ्या! माझ्यावरचा राग त्या जिवांवर काढू नकोस. तुझ्याकडे राहू देत, पण जिवंत राहू देत!"

धाकटीनं पदरानं घाम पुसला. एक काळी, ओलसर फळी दोन्ही हातांनी उचलून तिनं कुंपणावरून पुढे केली.

"प्रत्येक पेटीतल्या निम्म्या फळ्या तुमच्या पेट्यांना ठोका, त्यांच्या जागी माझ्या पेट्यांना मी नव्या लावते," ती म्हणाली. "भांडण आपल्या जागी, जाऊबाई. पण विरजणाला कोणी नाही म्हणतं का?"