दुकानापुढचा थांबा

“आला, आला! पाणक्या आला!” सलूनवाला स्वतःच्याच खुर्चीवर चढून ओरडला, आणि सायकलमिस्त्रीच्या दुकानापुढची सगळी गर्दी दोरीवर रेलली.

पाणक्या म्हणजे मिस्त्रीचा मुलगा. गावोगाव फिरत जाणाऱ्या त्या लांबलचक सायकल शर्यतीत संघातल्या तेज गड्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, हे त्याचं काम. म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. क्रमवारीत तो शेवटून पहिला होता. पण शर्यतीत होता, हे काय थोडं झालं?

मिस्त्रीने उभा जन्म ही शर्यत आधी रेडिओवर ऐकली, मग टीव्हीवर पाहिली. दुसऱ्यांच्या पोरांसाठी टाळ्या पिटून हात लाल केले. आता त्यात त्याचं स्वतःचं पोर होतं. देवाने आणखी किती द्यायचं? आता मागणं एकच होतं, पोराने शेवटच्या गावापर्यंत शर्यत पुरी करावी. रोजचा टप्पा ठरलेल्या वेळेत जो संपवत नाही त्याला तिथूनच घरी पाठवतात, आणि पाणक्या रोज अगदी काठावर सुटत होता.

तरी आज तो सगळ्यांच्या पुढे होता. शर्यतवाल्यांची रीतच तशी आहे. ज्याच्या गावातून शर्यत जाते, त्याला बाकीचे आपणहून पुढे जाऊ देतात. घरच्यांना भेटायचं आणि मागून घोळका आला की पुन्हा त्यात मिसळायचं. एकमेकांच्या उरावर बसणारे गडी, पण तेवढ्यापुरते हात आखडता घेतात. मिस्त्रीला या गोष्टीने इतकं भरून आलं की सकाळपासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होता.

पाणक्या दुकानापुढे थांबला. आई दोरीपलीकडे अडकलेली. तिने कसाबसा हात लांबवून त्याच्या हेल्मेटवरूनच फिरवला आणि रडायला लागली.

“आई, रडतेस काय? जिवंत आहे मी!”

मग त्याने दोरीखालून पुढे आलेल्या बापाला मिठी मारली. कानात काहीतरी पुटपुटला. मिस्त्रीने नुसती मान हलवली.

“आशीर्वाद मागतोय,” सलूनवाल्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

मिस्त्रीने वाकून मागच्या चाकावर हात फिरवला, ब्रेक चाचपला.

“अहो, आता तरी दुकान बंद ठेवा!” बायको ओरडली. लोक हसले. तेवढ्यात घोळका आलाच. मिस्त्रीने पोराला मागून एक ढकल दिली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रस्ता मोकळा झाला.

दुपारी सगळे सलूनमधल्या टीव्हीपुढे जमले. घाटात पाणक्या मागे पडला. मग आणखी मागे. पहिला गडी पोचून केव्हाचा गळ्यात हार घालून बसला होता, आणि पाणक्या अजून चढतच होता. मिस्त्री गुडघे घट्ट धरून बसला होता. बायकोची देवाची सगळी नावं घेऊन झाली. पडद्यावरचं घड्याळ थांबलं तेव्हा पाणक्या शेवटच्या वळणावर होता.

गेला. शर्यतीबाहेर.

सलूनवाल्याने टीव्ही बंद केला.

संध्याकाळी संघाच्या गाडीने पोरगा घरी आला. आल्या आल्या म्हणाला, “मागच्या ब्रेकचं रबर रिमला घासत होतं. पूर्ण घाट मी ब्रेक लावून चढलो. मला वाटलं, माझे पायच गेले.”

खोलीत सगळ्यांच्या नजरा मिस्त्रीकडे वळल्या.

“बाबा, ब्रेकला तुम्ही हात लावला होता.”

“लावला होता.”

“हात चुकला?”

“म्हातारा झालो रे,” मिस्त्री म्हणाला.

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. मग न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला.

गावाचं तोंड कोण धरणार? “गल्लीची चाकं सरळ केली आणि घरचंच वाकडं केलं,” असं लोक बोलायला लागले. सलूनवाल्याने स्वतःची सायकलसुद्धा दुसरीकडे नेली. मिस्त्रीने कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

सकाळी पोरगा उठेचना. डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि त्याला तडक दवाखान्यात हलवलं.

“हा ताप आजचा नाही,” त्या आई-बापाला बाजूला घेऊन म्हणाल्या. “सूज हृदयापर्यंत गेली आहे. आज हा दुसरा घाट चढला असता, तर वाटेतच कोसळला असता. आता बरा होईल. पण काल ज्या कुणामुळे हा शर्यतीबाहेर पडला, त्याचे पाय धुऊन पाणी प्या.”

आठवडाभराने पोराच्या तोंडाला चव आली. मिस्त्री त्याला चमच्याने दूध भरवत होता, तेव्हा तो हळूच म्हणाला, “बाबा, उपकार झाले.”

“गप पी,” मिस्त्री म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात बायकोने त्याचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. “देवाचे किती आभार मानू? आयुष्यात एकदाच तुमचा हात चुकला, तोही नेमका त्या दिवशी!”

मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं.

“मिठीत होता तेव्हा अंग नुसतं पोळत होतं त्याचं,” तो म्हणाला. “कानात म्हणाला, ‘बाबा, चार दिवस ताप आहे, पण तुम्हाला माझी शपथ, कुणाला सांगू नका.’ मग मी कुठे कुणाला सांगितलं?”