आबांचा दंड

स्नायूंचा आजार मला आईच्या माहेरून मिळाला. मामांकडून दुसरं काही कधी आलं नाही, ही एकच वस्तू आली आणि तीही टिकाऊ.

यंदा पुण्याच्या डॉक्टरांनी मला मशीनवर आडवं निजवून मोजलं. म्हणाले, "आदिनाथ, स्नायू आणखी घटलेत आणि चरबी वाढलीय. तुमच्या शरीराला आता फार अन्न लागत नाही. जेवण कमी करा."

म्हणजे नुसता खुर्चीत बसून मी लोणी साठवत होतो. आमच्या म्हशीलाही हे जमलेलं नाही.

कुरवंड्याला परतल्यावर मी दुसऱ्यांदा भात घेणं सोडलं. कुणी विचारलं की म्हणायचो, "फिगर सांभाळतोय, मुलीकडचे बघायला यायचेत." खरं कारण माझे वडील होते. आबा मला रोज खाटेवरून उचलून खुर्चीत बसवतात आणि रात्री परत खाटेवर ठेवतात. हल्ली त्यांना धाप लागायची.

काल जेवताना आबांनी माझ्या ताटात पुन्हा इंद्रायणीचा भात वाढला.

"आबा, नको. वजन वाढतंय माझं."

"आरं, माज्यापायी अर्धपोटी उठतुस, मला कळत न्हाई व्हय? खा गुमान," आबा म्हणाले. "म्या रोज सकाळच्याला गोठ्यात जोर काढतोय. हितं दंडाला हात लावून बघ."

मी हात लावून पाहिला. पासष्टाव्या वर्षी आबांचे स्नायू वाढत होते.