जगावेगळी पिन

"माझी कादंबरी त्या डिस्कमध्ये अडकलीय," हे तिच्या नवऱ्याचं वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या ग्लासाबरोबरच मिळायचं. त्याचा जुना लॅपटॉप बंद पडला होता आणि त्याच्या हार्ड डिस्कची पिन अशी जगावेगळी, की कुठलीच वायर तिला बसेना. त्याने नोकरी सोडली होती ती लिहिण्यासाठीच, त्यामुळे कादंबरी हाती आल्याशिवाय दुसरं काही करणं म्हणे शक्यच नव्हतं. त्याच्या खोलीचं दार कायम लोटलेलं. मुलं भांडायचीसुद्धा दबक्या आवाजात. तिने परगावची बढती एकदा नाकारली होती. का, तर टेबल हलवलं की त्याची तंद्री मोडते!

आता ऑफिसने पुन्हा विचारलं होतं. कादंबरी सुटली तर आपणही सुटू, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याच्या मागे लागून भंगारातल्या एका लॅपटॉपमधून त्या पिनला बसेल अशी वायर काढून घेतली. नवरा अंघोळीला गेल्यावर डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. चटकन उघडली.

'कादंबरी' नावाची एकच फाइल होती. वर 'प्रकरण पहिले' लिहिलेलं. खाली सगळं कोरं.

"काय करतेयस गं?" तो ओल्या केसांनी दारात उभा होता. वायर दिसली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नि... निघालं काही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच लॅपटॉप मिटला.



"नाही रे, हीपण बसत नाही. शोधते दुसरी."