इंदुमती मगदूम यांची जीभ

कंपनीचा तंत्रज्ञ यशोधन याने तारांची टोपी रम चाखणाऱ्या इंदुमती मगदूम यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि पिपात बारा वर्षे मुरलेल्या रमचा पेला पुढे सरकवला.

"एकच घोट, मॅडम. तुमच्या जिभेची नक्कल यंत्रात उतरली की सुटलात."

सुटणे म्हणजे काय, हे कोल्हापूरजवळच्या त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते. नक्कल झाली की चव कंपनीच्या मालकीची. मूळ माणसाने पुढे कुणासाठीही रम चाखली, तर कायद्याने ती चोरी. इंदुमतींचे सहकारी कदम आणि डिसोझा असेच घरी बसले होते.

इंदुमतींनी पेला उचलून वास घेतला. ओकच्या लाकडाचा, जळक्या गुळाचा, मागून सुक्या अंजिराचा.

"झकास मुरलीय," असे म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला आणि पिशवीतून डबा काढला. आत भाकरी होती आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

"अहो मॅडम! चाखणाऱ्यांना तिखट बंद असतं ना?"

"नोकरीला लागल्यापासून मिरचीला शिवले नव्हते."

त्यांनी मोठा घास घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आले. त्यावर त्यांनी रमचा घोट घेतला. यंत्राच्या पडद्यावर त्या रमपुढे एकच शब्द उमटला: जाळ.

"घ्या आता ही जीभ उतरवून," त्या नाक पुसत म्हणाल्या.

यशोधनने टोपी काढली. "चेष्टा पुरे. उद्या परत यावं लागेल."

"येते की. पण आज रात्री घरी तांबडा रस्सा आहे."