कुलपाचा नट

चाकाचे चार नट निघाले. पाचवा निघेना.

मेकॅनिक साकेन बाइकेने, म्हणजे साकेनदादाने, त्या नटाची किल्ली उन्हात धरून पाहिली. आतले दात झिजून गुळगुळीत झाले होते.

"हा आवळला कुणी?"

"मीच," ओमुरबेक म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात. पान्यावर उभं राहून."

"नुसता उभा राहिलास की नाचलास वर? आणि कुलपाचा नट हवाच कशाला म्हणतो मी? या माळावर चाक चोरायला येणार कोण, लांडगे?"

गाडीत बसलेली केंजेगुल हसली. "माझे अताही हेच म्हणाले होते, बाइके. म्हणाले, जावईबापू उद्या घोड्यालाही कुलूप लावतील."

ओमुरबेकला हसता आले नाही. तिचे अता, तिचे वडील, काल रात्री गेले होते. तिला एवढेच सांगितले होते की वडिलांचा खोकला वाढलाय, तुझी आठवण काढतायत. मरणाची बातमी माहेरच्या वडीलधाऱ्यांनी सांगायची, मुलगी उंबऱ्यापाशी आल्यावर, तिला दोन्ही बाजूंनी धरून. वाटेत नवऱ्याने सांगायची नसते. सकाळी मेहुण्याचा फोन आला होता: दुपारच्या नमाजानंतर मय्यत उचलतोय, त्याआधी तिला आण. बायका कबरस्तानात जात नाहीत. उशीर झाला तर तिला वडिलांचे तोंड दिसणार नव्हते.

आणि घाट उतरता उतरता टायर फाटला होता.

"वेल्डिंगने झटक्यात निघाला असता," साकेन म्हणाला. घाटाच्या पायथ्याशी टाकलेला एक गंजका कंटेनर हेच त्याचे दुकान. "पण वीज नाही. येईल दुपारी कधीतरी. तोवर बसा, चहा होतोय."

"छिन्नीने तोडा."

"चाकाला लागेल. असलं देखणं चाक पुन्हा मिळायचं नाही."

"लागू दे."

"अरे, सासुरवाडीला कुणी इतक्या घाईने जातं का?"

"तेच म्हणते मी," केंजेगुल खाली उतरत म्हणाली. "सकाळपासून यांच्या पोटात घास नाही. अतांना दर थंडीत खोकला होतो, तो काय आज नवा आहे?" तिच्या हातात अतांच्या खोकल्यासाठी घेतलेली मधाची बरणी होती. निघाल्यापासून ती तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती. झाकण पुन्हा एकदा घट्ट करून तिने ती साकेनच्या अवजारांच्या फळीवर ठेवली, मोबाइल वर धरून पाहिला, खिशात घातला, लगेच पुन्हा काढून पाहिला. "इथं काही लागत नाही. मी ओढ्यावरून पाणी आणते." रिकामी बाटली घेऊन ती निघाली.

ती उतारावर दिसेनाशी होईपर्यंत ओमुरबेक थांबला. मग साकेनच्या कानाशी वाकून तो दोनच वाक्ये बोलला.

साकेनने हातातला पाना खाली ठेवला. तो तिथेच उकिडवा बसला, दोन्ही तळवे समोर उघडे धरले. गेलेल्यासाठी दुवा मागत ओठ हलले. मग त्याने तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरवले आणि छिन्नी उचलली.

नटावरची बाहेरची कडी नुसतीच गरगर फिरायची. ती त्याने घाव घालून तोडली. प्रत्येक घावाला चाकाच्या चकचकीत धातूचे टवके उडत होते. आतला गाभा उघडा पडल्यावर त्याने एक माप लहान पाना त्यावर घणाने ठोकून बसवला, पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली.

"धर. दोघं मिळून."

पहिल्यांदा पाना सटकला. ओमुरबेकने घाटाकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले. साकेनने पाना पुन्हा ठोकला. या वेळी कडाडून आवाज झाला, नळी एकदम सैल पडली आणि दोघेही तोल जाऊन मागे बसले. नट सुटला होता.

"निघाला!" ओमुरबेक ओरडला. मान वळवली तर मागे केंजेगुल उभी होती. भरलेली बाटली तिच्या हातात होती. ती केव्हा आली ते दोघांनाही कळले नव्हते.

ती नटाकडे पाहत नव्हती. ती साकेनच्या चेहऱ्याकडे पाहत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही गालांवर, ग्रीसचे काळे पट्टे उतरले होते. बोटन् बोट मोजता येईल असे.

ओमुरबेकलाही ते आत्ताच दिसले. तो घाईघाईने खाली वाकला, स्टेपनी चढवू लागला. नट हातातून दोनदा पडला.

केंजेगुलने डोक्यावरच्या रुमालाचे टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवले. मग रुमालच सोडून साकेनपुढे धरला.

"तोंड पुसा, बाइके."

साकेनने खाली मान घालून रुमाल घेतला. पुष्कळ वेळ तो तोंड पुसत राहिला.

चाक बसले. जॅक उतरला. ओमुरबेकने गाडी सुरू केली तेव्हा ती शेजारी येऊन बसली होती, रिकामे हात मांडीवर ठेवून. साकेन धावत खिडकीशी आला. त्याच्या हातात मधाची बरणी होती.

"सूनबाई, ही राहिली की."

"राहू दे तुम्हाला," ती म्हणाली. मग समोर रस्त्याकडे पाहत नवऱ्याला म्हणाली, "चला ना लवकर. अता वाट बघत असतील."