पाण्याची पाळी

आमच्यात जाळत नाहीत, शेतातच माती देतात. उसाच्या कडेला माझ्या वडिलांसाठी खड्डा खणत होते. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर नेमका तिथंच होता. काकांनी तो उपटून माझ्या हातात दिला. “धर पोरी, तुझं यंत्र.” काही मिनिटांनी विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. विहिरीवर कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या कुदळी थांबल्या. आई उठून उभी राहिली. “त्यांनीच लावली. पाण्याची पाळी कधी चुकवली न्हाय त्यांनी.” काकांनी हात जोडले. सेन्सर मातीबाहेर आला की जमीन कोरडी समजतो आणि मोटार सुरू करतो. यंत्रणा मीच बसवली होती. ठिबकच्या नळ्यांतून पाणी झिरपून खड्ड्याची कड खचायला लागली. आई मोटारीचा आवाज ऐकत होती. मी खिशातून मोबाइल काढला आणि मोटार बंद केली. “गेले,” आई म्हणाली आणि खाली बसली.